लाइटताईंचा बोर्ड

लाइटताई कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी माणसांकडे बघत नसत, भिंतींच्या बुडाशी बघत. प्लग कुठे आहे, त्यातला चालू कुठला, ढिला कुठला, एवढं नजरेखालून गेल्याशिवाय त्यांच्या तोंडून ‘नमस्कार’ निघत नसे. साखरपुड्याला गेल्या तरी तेच आणि बँकेत गेल्या तरी तेच. आमच्या कामोठ्याच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा चपला काढताकाढताच वाकून सोफ्यामागे बघू लागल्या. पाहुणी सोफ्यामागची धूळ तपासतेय अशी माझ्या आईची समजूत झाली. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात सोफा रोज सकाळी पुढे ओढला जायचा आणि झाडून झाल्यावर मागे ढकलला जायचा. ढकलायचं काम अर्थात माझ्याकडे होतं.

त्यांचं खरं नाव कंपनीच्या कागदांवर होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. रबाळ्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी बाटल्यांवर लेबलं लावायची मशीनं बनवायची. लाइटताई तिथे परदेशी ग्राहकांचं खातं बघत, म्हणजे सबंध एक्स्पोर्ट डिपार्टमेंट त्या एकट्याच होत्या. मी मागाहून लागलो तेव्हा ते दुप्पट झालं. मूळच्या त्या जासईच्या आगरी. टायपिंगला म्हणून लागल्या आणि पत्रं टाइप करता करता एक दिवस पत्रातला मजकूरच बदलायला लागल्या. साहेब आधी चिडले. मग त्या बदललेल्या पत्राला नैरोबीहून ऑर्डर आली तेव्हा गप्प बसले. ही गोष्ट ताई स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि दर वेळी साहेब थोडे जास्त चिडलेले असत. नम्रपणा हा गुण त्यांच्याकडे कधी आलाच नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

मी साताऱ्याकडचा, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांच्यासाठी ‘सातारकर’ झालो. माझा पहिला परदेश दौरा ठरला तेव्हा ताईंनी मला समोर बसवलं, माझ्या लॅपटॉपचा चार्जर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावली. ‘शंभर ते दोनशे चाळीस,’ मी वाचलं. ‘बस,’ त्या म्हणाल्या. ‘ही भवानी जगान कुठंबी चालते. करंट कसला बी देस, खाते. फकस्त भिंतीचा तोंड वेगला असते, तेवढा बदलाचा.’ मग माझी बॅग उघडून त्यांनी आईने चहासाठी दिलेली पाण्यात घालायची कॉइल बाहेर काढली. ‘ही सोसनार नाय. ही जलंल आनि तुजे हॉटेलला बी जालंल.’ कॉइल त्यांनी माझ्यादेखत आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली. ती मला परत मिळाली नाही. पुढे तिच्यावर ऑफिसात चहा होत असे.

ताईंच्या स्वतःच्या बॅगेत एक बोर्ड असायचा. दुकानात मिळतो तसला पांढरा, पातळ नव्हे. जासईच्या वायरमनने लाकडी खोक्यावर सनमायका ठोकून बनवलेला, चार सॉकेट, चार बटणं, मध्ये लाल दिवा, आणि म्हशीला बांधता येईल इतकी जाड, लांबलचक वायर. या बोर्डाला परदेशी प्लगचं एकच तोंड जोडायचं, की पुढे सगळा कारभार आपल्याकडच्या पिनांवर चालतो, असं त्यांचं साधं गणित होतं. प्रत्येक विमानतळावर तपासणीवाले तो बोर्ड बाहेर काढत, फिरवून बघत, एकमेकांना दाखवत. ताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. ‘बगा, बगा. असा तुमचेकडं भेटाचा नाय,’ असं त्या चक्क मराठीत सांगत, आणि काय आश्चर्य, समोरच्याला ते समजल्यासारखं दिसे. मी त्या बोर्डाला खूप नावं ठेवली. एकदा म्हणालो, ‘ताई, याच्या वजनात दोन साड्या आल्या असत्या.’ त्या म्हणाल्या, ‘साडीवर लॅपटॉप चालते का तुजा?’

विमानतळावर थांबायची वेळ आली की ताई खांब शोधत. खांबाला प्लग असतोच, हा त्यांचा अनुभव. बोर्ड मांडला, आपला चार्जर लावला, की उरलेली तीन भोकं त्यांना बघवत नसत. आजूबाजूला कुणी फोन हातात धरून भिंती न्याहाळत फिरताना दिसलं की त्या बोर्डावर थाप मारून त्याला बोलवत. ‘कम, कम. लाव.’ मग तो माणूस बसे, त्याच्या शेजारी दुसरा बसे, आणि थोड्या वेळाने ताई कुणाच्या तरी नातवाचे फोटो बघत असत. एकदा मी कुरकुरलो, की आपला लॅपटॉप अजून भरला नाही आणि तुम्ही लोकांना आवतण देताय. तेव्हा त्यांनी मला हळदीची गोष्ट सांगितली.

जासईला लग्नाच्या आदल्या दिवशी हळद असते, आणि हळद म्हणजे लग्नाहून मोठा थाट. मांडव, दिवे, स्पीकर, वाटणाचे मिक्सर. एवढा भार एका घराच्या मीटरला झेपत नाही. म्हणून आळीतल्या प्रत्येक घरातून एकेक वायर मांडवात येते. या घरातून दिवे, त्या घरातून गाणी, तिसऱ्या घरातून मिक्सर. वायर कुणाकडे मागायची नसते. फक्त घरी जाऊन सांगायचं, ‘कार्य हाय, या.’ मग वायर आपोआप येते. ताईंच्या हळदीच्या वेळी समोरच्या घराशी त्यांच्या वडिलांचा बांधावरून कोर्टात दावा चालू होता, बोलणं बंद होतं. तरी आईने ताईंनाच पाठवलं. ‘कार्य हाय, या,’ एवढंच बोलून त्या परतल्या. संध्याकाळी त्या घराच्या खिडकीतून वायर आली, आणि तीसुद्धा स्पीकरची. ‘भांडान मानसांचा असते रे,’ ताई म्हणाल्या. ‘लाइटीचा नसते.’ मला तेव्हा ती नुसती गावाकडची गंमत वाटली होती.

त्यानंतर जर्मनीतलं ते प्रदर्शन आलं. कंपनीचे दिवस बरे नव्हते. परदेशी ऑर्डरी आटल्या होत्या आणि साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून स्पष्टच सांगितलं होतं, की ही शेवटची फेरी. एक मोठी सरबत-सॉसवाली कंपनी आमच्या स्टॉलवर येणार होती. त्यांची ऑर्डर आली तर एक्स्पोर्ट डिपार्टमेंट राहील, नाही आली तर टेबलं उचलायची. मला दुसरी नोकरी मिळाली असती. ताईंना त्या वयात कोण देणार होतं? ‘आनि दिली तरी मी कशाला जाऊ?’ असं त्या बाहेर येताना पुटपुटल्या. त्यांच्या आवाजात मी भीती पहिल्यांदाच ऐकली.

मशीन काही विमानातून नेता येत नाही. आम्ही दाखवणार होतो ते लॅपटॉपवर. मशीनच्या डोक्यावर बसणारा छोटा कॅमेरा, आणि लेबल वाकडं लागलं की ते पकडणारं सॉफ्टवेअर. कॅमेरा लॅपटॉपच्या जिवावर चालायचा, आणि लॅपटॉप कंपनीचा, म्हणजे म्हातारा. पॉवर बँक लावली तर फोन चालतो, हा रेडा जागचा हलायचा नाही. त्याला भिंतीचीच लाइट लागे.

आदल्या दिवशी दुपारी स्टॉल लावायला गेलो. गालिचा होता, टेबल होतं, वर कंपनीची पाटी होती. ताईंनी नेहमीप्रमाणे भिंतींच्या बुडाशी बघितलं. एक फेरी मारली, दुसरी मारली, मग गुडघ्यावर बसून टेबलाखाली बघितलं. प्लग नव्हता. वाशीच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला की मांडववाला वायर टाकून देतो, नाही टाकली तर आपण त्याला हाक मारतो. आमच्या डोक्यात स्टॉल म्हणजे लाइट धरूनच. तिथे स्टॉल वेगळा आणि लाइट वेगळी, आणि ती आधीच सांगून ठेवायची असते, हे रबाळ्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने अतिशय गोड हसून सांगितलं, की कनेक्शन मिळेल, उद्या संध्याकाळी. आमचा ग्राहक उद्या सकाळी येणार होता.

त्यात भर म्हणजे आमच्या पाठीला पाठ लावून कुणाचा स्टॉल होता, तर देशमुखांचा. पुण्याचे हे देशमुख एके काळी आमच्या साहेबांचे भागीदार. दोघे भांडून वेगळे झाले. साहेबांनी लेबलाची मशीनं ठेवली आणि देशमुख बाटल्यांना झाकणं लावायची मशीनं बनवू लागले. कोर्टकचेरी झाली. ‘त्या माणसाशी एक शब्द बोलायचा नाही,’ हा आमच्या कंपनीतला पगाराच्या तारखेइतकाच पक्का नियम होता. वळसा घालून जाताना त्यांची पाटी दिसली तसा मी गालिच्याकडे बघू लागलो, आणि देशमुखही गालिच्याकडेच बघत होते.

‘टेन्शन नको घेऊ,’ ताई म्हणाल्या. ‘आज लॅपटॉप माजे रूमवर राहील, फुल भरून ठेवते. सकालचा डेमो बॅटरीवर उरकू.’ बॅटरी म्हातारी असली तरी पूर्ण भरली तर तेवढा वेळ काढते, हे खरं होतं. लॅपटॉप मी निर्धास्तपणे त्यांच्या स्वाधीन केला. प्लगच्या बाबतीत जगात त्यांच्याइतकं भरवशाचं माणूस नव्हतं.

सकाळी त्या नाश्त्याला आल्या त्या चेहरा पाडून. समोर बसल्या, डब्यातली भाकरी काढली आणि न खाता म्हणाल्या, ‘सातारकर, मेन काडला मी.’ मला काही कळेना. मग उलगडा झाला. खोलीत दिवेच दिवे. पलंगाला, आरशाला, पडद्यामागे. एक विझवावा तर दुसरा दिसे, आणि अर्ध्यांची बटणं काही सापडेनात. जासईला बाहेर जाताना, झोपताना मेन स्विचवर हात जायची त्यांना जन्माची सवय. दाराजवळ भिंतीत खोचलेलं खोलीचं कार्ड म्हणजेच इथला मेन, हे त्यांनी आल्याआल्या ओळखलं होतं. त्यांनी ते कार्ड उपसलं. एका झटक्यात सगळे दिवे गेले. ‘काय बरा वाटला मना,’ त्या म्हणाल्या. त्या सुखाने झोपल्या, आणि कार्डाबरोबर प्लगचीही लाइट गेल्यामुळे टेबलावरचा लॅपटॉप उपाशीच झोपला. सकाळच्या घाईत भरली तेवढी बॅटरी घेऊन आम्ही निघालो. लॅपटॉप चालू झाला असता, डेमो पुरा झाला नसता.

हॉलमध्ये पोचेपर्यंत मी मनातल्या मनात टेबलं उचलून मोकळा झालो होतो. कॅन्टीनमध्ये प्लग असेल, बाथरूममध्ये असेल, असलं काहीतरी बडबडत होतो. ताई स्टॉलच्या मध्यावर उभ्या राहिल्या आणि वर छताकडे, मग आजूबाजूला लागलेल्या दिव्यांकडे बघत बसल्या. पडलेला चेहरा उजळत गेला. ‘अरे, हा हलदीचा मांडवच हाय ना,’ त्या म्हणाल्या. ‘मग मी इचार कसला करते?’ त्यांनी पदर सारखा केला, पर्समधली कुंकवाची डबी काढून आरशाशिवाय कुंकू नीट केलं आणि सरळ वळसा घालून देशमुखांच्या स्टॉलवर गेल्या. मी मागोमाग धावलो. साहेबांचा नियम मला घामासारखा पाठीवर जाणवत होता.

देशमुख उठून उभे राहिले. ताईंनी हात जोडले. ‘देशमुखसाहेब, आज आमचेकडं कार्य हाय. या.’

‘कसलं कार्य?’

‘ग्राहक येनार हाय. लाइट नाय.’

देशमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘तुमच्या साहेबांनी मला कोर्टात उभं केलं होतं. माहीत आहे ना तुम्हाला?’

‘माहीत हाय. समोरच्यानं माजे बापासला बी उभा केल्ता,’ ताई म्हणाल्या. ‘माजे हलदीचा स्पीकर त्याचेच घरानशी वाजला.’

देशमुखांना जासईची हळद कुठून ठाऊक असणार? ताईंनी तिथेच, उभ्याउभ्या, ती सबंध गोष्ट त्यांना सांगितली. मी घड्याळ बघत होतो आणि ही बाई वाटणाचे मिक्सरसुद्धा गाळत नव्हती. गोष्ट संपल्यावर देशमुखांनी स्टॉलांपुढच्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘रस्त्यातून वायर टाकलेली इथे चालत नाही.’

‘रस्त्यान कशाला? मागं दोगांचे भिंतीखाली फट हाय. काल बसून बगितली मी.’

त्यांनी प्लग शोधताना गुडघ्यावर बसून काय काय बघून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. देशमुख स्वतः खाली बसले. त्यांनी आपल्या मशीनशेजारचा एक प्लग रिकामा केला. मी आमच्या बाजूने फटीतून ती म्हशीची वायर सरकवली, पलीकडून त्यांनी ओढून घेतली, तोंड बसवलं. ज्या वायरीच्या लांबीवरून मी सबंध प्रवासभर टोमणे मारले होते, ती बरोबर पुरली. बोर्डावरचा लाल दिवा लागला. तो दिवा बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

ग्राहक म्हणजे एक उंच, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. ताईंचं इंग्रजी टायपिंगच्या काळातलं, तुटक आणि अजिबात न घाबरणारं. ‘मॅडम, यू पुट राँग. इट विल से राँग,’ एवढं म्हणून त्यांनी वाकड्या लेबलाची बाटली बाईंच्या हातात दिली. बाटली कॅमेऱ्याखाली आली, पडद्यावर लाल चौकोन आला. बाईंनी आपल्या पिशवीतून स्वतःची बाटली काढली, तिचं लेबल नखाने जरासं सोललं, इतकं की मलाही दिसेना. लाल चौकोन आला. मग त्यांना चेव चढला. उलटं लेबल, फाटकं लेबल, दोन लेबलं एकावर एक. आमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपने देशमुखांच्या लाइटीवर एकूण एक चूक पकडली. बराच वेळ गेला. बॅटरीवर असतो तर केव्हाच मान टाकली असती. शेवटी बाई पहिल्यांदाच हसल्या आणि म्हणाल्या, मशीन पाठवा, आवडलं तर आमच्या सगळ्या कारखान्यांत लागेल. निघताना त्यांनी सहज विचारलं, झाकणांचं मशीनही तुम्ही करता का?

मी ‘बघतो’ म्हणायला तोंड उघडलं होतं. ताईंनी बाईंच्या कोपराला धरलं आणि वळसा घालून देशमुखांच्या स्टॉलवर नेऊन उभं केलं. ‘दिस मॅन, बेस्ट झाकण,’ त्या म्हणाल्या. देशमुखांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

साहेबांना फोन ताईंनीच केला, स्पीकर लावून. ‘ऑर्डर आली, साहेब. मशीन धाडाचा हाय. लाइट देशमुखांची होती.’ पलीकडे साहेबांची खुर्ची करकरली. मग साहेबांचा आवाज आला, ‘त्यांना चहा तरी पाजलात का?’ ताईंनी फोन ठेवला आणि तिथे, त्या परक्या हॉलमध्ये, दोन्ही हात वर करून हळदीत नाचतात तसा एक ठेका धरला. भिंतीपलीकडून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

डिपार्टमेंट राहिलं. ताई मानाने रिटायर झाल्या. निरोपाचा कार्यक्रम कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होता आणि त्याला देशमुख आले होते. साहेबांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं, आणि फोनवर काय बोलावं ते न सुचून म्हणे म्हणाले होते, ‘कार्य आहे, या.’ दोघे जुने भागीदार शेजारी बसून एकाच ताटलीतली वेफर्स खात होते आणि एकमेकांकडे फारसं बघत नव्हते, पण उठतही नव्हते. ताईंना भाषण करा म्हटलं तर त्या माइकपाशी गेल्या, आधी त्याचा प्लग बघितला, ढिला होता तो दाबून बसवला. मग म्हणाल्या, ‘मी काय बोलू? तुमी सगल्यांनी मना लाइट दिली.’ एवढं बोलून त्या जागेवर जाऊन बसल्या. जाताना त्यांनी तो बोर्ड माझ्या हातात ठेवला. मी गहिवरलोय हे बघून त्यांनी घाईने सूचना दिली, ‘चौथा भोक ढिला हाय. बगून लाव.’

आता एक्स्पोर्टच्या टेबलावर मी बसतो. स्टॉल घेताना सगळ्यात आधी लाइट सांगून ठेवतो. परवा अशाच एका प्रदर्शनात माझ्या शेजारी एका कंपनीचा माणूस आला. ह्याच कंपनीने गेल्या वर्षी आमचा एक जुना ग्राहक पळवला होता, आणि पळवणारा हाच होता. बघतो तर गडी भिंतींच्या बुडाशी बघत फेऱ्या मारतोय. एक मारली, दुसरी मारली, मग गुडघ्यावर बसला. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात त्याने लॅपटॉप उघडला, कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. माझं बरं वाटणं तिथेच संपलं. मी परदेशी तोंड जोडून बोर्ड माझ्या स्टॉलच्या प्लगला लावला, चौथं भोक सोडून बाकीची तपासली आणि भिंतीखालच्या रुंद फटीतून बोर्ड त्याच्या बाजूला सरकवला. तो दचकला. मग त्या सनमायकाकडे आणि लाल दिव्याकडे बघून त्याने विचारलं, हे काय आहे? त्याला हळद समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. मिक्सरसुद्धा गाळला नाही.

त्याचा लॅपटॉप चालू झाल्यावर मी फटीतून गेलेल्या वायरीचा फोटो काढून जासईला पाठवला. ताई आता दुपारी अंगणात बसलेल्या असतात, फोन शेजारच्या घरातून आलेल्या वायरीवर लावून. उत्तर लगेच आलं.

‘शाबास सातारकर. रूमचा कार्ड काडू नको.’